होम कॉकपिट: कोणतं पॅनल बनवायचं, कोणतं विकत घ्यायचं

फ्लाइट सिम्युलेटर सुरू करून काही महिने झाले की बहुतेकांना एक गोष्ट खुपायला लागते: विमान हातात आलंय, पण विमानाची बटणं हातात नाहीत. रनवे समोर दिसतोय, एका हातात जॉयस्टिक आहे आणि दुसऱ्या हाताने माउस घेऊन पडद्यावर लँडिंग लाइटचा नखाएवढा स्विच शोधणं चाललंय. पॅनलचा विचार इथूनच सुरू होतो. पाठोपाठ प्रश्न येतो: तयार घ्यायचं की घरी बनवायचं?

अख्ख्या कॉकपिटसाठी हा प्रश्न एकदाच विचारला तर उत्तर सापडत नाही. तो एकेका कंट्रोलसाठी वेगळा विचारावा, असं माझं ठाम मत आहे. ज्या वस्तूवर हातापायाचा जोर पडतो आणि जिची हालचाल सलग, गुळगुळीत हवी, ती विकत घ्यावी: योक (विमानाचं स्टिअरिंग), रडर पेडल (नाक डावी-उजवीकडे वळवणारे पायाचे पेडल), थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा). जी वस्तू नुसती चालू-बंद करायची असते, ती घरी बनवावी. मधला जो पट्टा उरतो, म्हणजे रेडिओ, ऑटोपायलट आणि डिस्प्ले, तिथेच खरा विचार करावा लागतो.

पहिली पायरी: एकच विमान पक्कं करा

आज सेसना, उद्या एअरबस, परवा फायटर असं उडवायचं असेल तर पॅनलच्या भानगडीत एवढ्यात पडू नका. पॅनल एका विमानाचं असतं.

नवख्यांसाठी सेसना १७२ हे विमान मला सगळ्यात योग्य वाटतं. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्येही ते आहे आणि एक्स-प्लेनमध्येही. शिवाय त्याचे स्विच मोजके आहेत: बॅटरी आणि अल्टरनेटरचा जोड-मास्टर, फ्युएल पंप, पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर), बीकन, लँडिंग, टॅक्सी, नॅव्ह आणि स्ट्रोब हे दिवे, एव्हिऑनिक्सचे (रेडिओसारख्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे) दोन आणि इग्निशनची किल्ली. एवढं बनवलं तरी विमान थंड, म्हणजे सगळं बंद असलेल्या अवस्थेतून सुरू करून टेकऑफपर्यंत नेताना माउसला फारसा हात लावावा लागत नाही.

जेट हवंच असेल तर बनवण्याच्या दृष्टीने ७३७ आणि ए३२० यांत मोठा फरक आहे. ७३७ चं ओव्हरहेड, म्हणजे डोक्यावरचं, पॅनल जुन्या वळणाचं, म्हणजे मुख्यतः टॉगल (छोट्या दांडीचे) स्विच, फिरते नॉब आणि छोटे इशारादिवे. टॉगल बाजारात कुठेही मिळतात. ए३२० च्या ओव्हरहेडवर मात्र बहुतेक चौकोनी दिव्याची बटणं असतात. एकाच बटणात वर एक अक्षरओळ, खाली दुसरी, आणि दोन्ही स्वतंत्रपणे पेटणाऱ्या. असं एक बटण घरी बनवता येतं, पण तसली डझनावारी बनवायची म्हणजे पुढचे अनेक महिने त्यातच जातात. भारतात रोज दिसणारं विमान ए३२० असल्यामुळे ओढा त्याच्याकडे असणं साहजिक आहे. ओव्हरहेड सोडून सुरुवात करायची तयारी असेल तर जरूर घ्या.

पायलट व्हायची तयारी करणाऱ्यांनी आधी आपली ॲकॅडमी कोणतं विमान वापरते ते विचारावं. गोंदियाच्या ॲकॅडमीत डायमंड कंपनीची डीए४० आणि डीए४२ विमानं आहेत, इतर अनेक ठिकाणी सेसना १७२. पुढे ज्या कॉकपिटात बसायचंय त्यातलेच स्विच त्याच क्रमाने लावले तर चेकलिस्ट हातात बसते. घरच्या सिम्युलेटरवरचे तास लायसन्ससाठी धरले जात नाहीत, हे लक्षात असू द्या. फायदा होतो तो सवयीचा.

दुसरी पायरी: पुठ्ठ्याचं पॅनल

ही पायरी बहुतेकजण गाळतात आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. तुमच्या विमानाच्या पॅनलचं चित्र खऱ्या मापात छापून घ्या. प्रिंट करताना कागदात बसवण्याचा पर्याय बंद करून शंभर टक्के माप ठेवायचं आणि छापून झाल्यावर पट्टी लावून तपासायचं. मग एखाद्या जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवून पॅनल जिथे बसणार तिथे उभं करायचं.

आता आठवडाभर नेहमीसारखी उड्डाणं करा. फरक एवढाच, की माउसने एखादं बटण दाबण्याआधी पुठ्ठ्यावरच्या त्या बटणाला बोट लावायचं आणि शेजारी पेन्सिलीने एक रेघ ओढायची.

आठवड्याने त्या रेघा बघा. सेसनाच्या पुठ्ठ्यावर साधारण असं दिसेल: सगळ्यात जास्त रेघा ट्रिमपाशी (योकवर सतत जोर न लावता विमानाचं नाक हव्या त्या जागी ठेवणारं चाक), मग हेडिंग (दिशा) आणि उंचीचे नॉब, रेडिओची फ्रीक्वेन्सी, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा). दिव्यांचे स्विच त्यानंतर. आणि जी किल्ली बनवायचं स्वप्न प्रत्येकजण पाहतो, ती एका उड्डाणात मोजक्याच वेळा फिरते. रेघांची ही यादीच तुमचा क्रम. आणखी एक गोष्ट कळते. टेबलाची उंची, मॉनिटरचं अंतर आणि हाताची पोच जमते का, हे लाकूड कापण्याआधीच समजतं.

तिसरी पायरी: तयार वस्तूंमध्ये काय घेण्यासारखं आहे

योक-थ्रॉटलमध्ये हनीकोंबचा अल्फा योक आणि ब्राव्हो थ्रॉटल ही जोडी सेसनावाल्यांत लोकप्रिय आहे. ब्राव्होवर थ्रॉटलच्या दांड्यांबरोबर ऑटोपायलटची बटणं, इशारादिवे, गियरचा लिव्हर, फ्लॅपचा लिव्हर आणि ट्रिमचं चाकही आहे. म्हणजे पुठ्ठ्यावरच्या वरच्या बऱ्याच रेघा एका वस्तूत भागतात. एअरबससाठी थ्रस्टमास्टरची टीसीए मालिका आहे.

पॅनलमध्ये लॉजिटेकचा संच सगळ्यात जुना आणि माहीत असलेला. पूर्वी तो साइटेक नावाने यायचा. २०१६ मध्ये लॉजिटेकने साइटेक घेतली. त्यात स्विच पॅनल, रेडिओ पॅनल आणि मल्टी पॅनल असे तीन मुख्य तुकडे आहेत. स्विच पॅनल ज्याला जमेल त्याने घरीच बनवावं, कारण त्यात स्विचपलीकडे फारसं काही नाही. रेडिओ पॅनलचं उलट: दोन ओळींचे डिस्प्ले, प्रत्येक ओळीला एकात एक बसवलेले दोन नॉब आणि रेडिओ निवडायचा फिरता स्विच. हे सगळं सुटं आणून जोडायला गेलं तर खर्च कमी होतो, पण श्रम बरेच पडतात. पहिल्याच वर्षी रेडिओ हवा असेल तर तो विकत घेणं शहाणपणाचं. या पॅनलना सिम्युलेटरशी नीट बोलतं करायला स्पॅड-नेक्स्टसारखं वेगळं सॉफ्टवेअर लोक वापरतात. ते पैसे देऊन घ्यावं लागतं, तोही हिशेब धरा.

एअरबसवाल्यांनी एफसीयू, म्हणजे काचेखालची ऑटोपायलटची पट्टी, विकतच घ्यावी असं मी सुचवेन, आणि त्याला कारण आहे. त्यावरचे नॉब नुसते फिरत नाहीत. आत दाबला की नियंत्रण विमानाच्या संगणकाकडे जातं, बाहेर ओढला की पायलटने निवडलेला आकडा लागू होतो. फिरणं, दाबणं आणि ओढणं ही तिन्ही कामं करणारा एन्कोडर (न अडता गोल फिरत राहणारा नॉब) साध्या दुकानात मिळत नाही. बाजारातला साधा एन्कोडर फिरतो आणि दाबला जातो, ओढला जात नाही. लोक स्प्रिंग आणि दोन मायक्रोस्विच लावून थ्रीडी प्रिंटेड यंत्रणा बनवतात, आणि ती सुंदरही असते, पण ते पहिलं काम असू नये. विनविंगसारख्या कंपन्यांनी एफसीयू आणि एमसीडीयू (उड्डाणाचा मार्ग भरायचा कीपॅड आणि पडदा) घरगुती वापरासाठी आणल्यापासून हा निर्णय पुष्कळ सोपा झालाय.

परदेशातून मागवताना संकेतस्थळावरची किंमत ही सुरुवातीची किंमत समजा. त्यावर कुरियर, सीमाशुल्क, आयजीएसटी आणि कुरियर कंपनीचं हाताळणी शुल्क चढतं. बिघाड झाला तर वस्तू परत पाठवण्याचा खर्च कुणाचा, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडे थोडे जास्त पडत असतील तरी वॉरंटीसाठी ते देण्यासारखे असतात. तयार पॅनलचा एक गुण मात्र मान्य करायलाच हवा: छंद सुटला किंवा विमान बदललं तर ते विकता येतं. घरी बनवलेल्या पॅनलला गिऱ्हाईक मिळत नाही.

मधला मार्ग

पूर्ण विकत आणि पूर्ण घरचं यांच्यामध्ये काही युक्त्या आहेत.

बेरिंजरचा एक्स-टच मिनी हा खरं तर संगीतकारांसाठी बनवलेला छोटा कंट्रोलर. त्यावर आठ एन्कोडर आहेत, आठही दाबता येतात आणि भोवती दिव्यांचं कडं आहे. सिम्युलेटरवाल्यांनी तो ऑटोपायलट आणि रेडिओसाठी कधीच आपलासा केलाय. एल्गाटोचं स्ट्रीम डेक, म्हणजे चित्रं दाखवणाऱ्या बटणांचा छोटा कीपॅड, हेही असंच दुसऱ्या कामाचं इथे आलेलं.

दुसरी युक्ती जुन्या मॉनिटरची. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये उजवी ऑल्ट कळ दाबून जी१००० च्या (विमानातल्या डिजिटल उपकरणांच्या) पडद्यावर क्लिक केलं की तो पडदा वेगळ्या खिडकीत बाहेर येतो. ती खिडकी जुन्या मॉनिटरवर ओढायची आणि त्यावर हव्या त्या जागी कापलेली एमडीएफची चौकट बसवायची. गोल काट्यांची घड्याळं हवी असतील तर एअर मॅनेजर हे सॉफ्टवेअर ती स्वतः पडद्यावर रेखाटतं, आणि वेगळ्या संगणकावरही चालतं. बाहेर काढलेल्या प्रत्येक खिडकीचा भार ग्राफिक्स कार्डवर पडतो. कार्ड आधीच धापा टाकत असेल तर हा वेगळा संगणक उपयोगी पडतो.

सुया फिरणारी खरी यांत्रिक घड्याळं स्टेपर मोटर (ठरावीक टप्प्यांनी फिरणारी मोटर) लावून बनवता येतात. नवख्याने त्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नये.

चौथी पायरी: पहिलं पॅनल, सेसनाचे दिवे

आता हाताने करायचं काम. पहिलं पॅनल मुद्दाम छोटं घ्या: बीकन, लँडिंग, टॅक्सी, नॅव्ह, स्ट्रोब, पिटो हीट, फ्युएल पंप आणि एक मोकळा. आठ स्विच. खऱ्या १७२ मध्ये हे रॉकर स्विच (घरातल्या दिव्याच्या बटणासारखे) असतात. रॉकरला चौकोनी खाच कापावी लागते, टॉगलला गोल भोक पुरतं. घरात ड्रिल मशीन आणि कानस एवढंच असेल तर टॉगल घ्या.

सामान असं लागेल. आर्डुइनो मेगा २५६० चा एक बोर्ड, म्हणजे स्विच संगणकाला जोडणारं छोटं सर्किट. त्याला ५४ डिजिटल आणि १६ ॲनालॉग पिन आहेत, त्यामुळे पुढची दोन-तीन पॅनलंही याच बोर्डावर बसतात. मूळ बोर्डऐवजी क्लोन साधारण हजार-दीड हजारात मिळतो. आठ मिनी टॉगल स्विच, दोन स्थितींचे. बारीक लवचीक वायर, आत अनेक तारा असलेली. ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता जोडण्या करून पाहायची पाटी), जंपर वायर, सोल्डरिंग गन, हीट श्रिंक (तापवली की तारेवर आवळणारी नळी) आणि मल्टिमीटर. मुंबईत हे सगळं लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं, पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या गल्ल्यांत आणि तापकीर गल्लीत. दुकानात जाऊन घ्यायचा फायदा असा, की स्विच हाताने दाबून बघता येतो. खटका कडक हवा आणि दांडी डुगडुगता कामा नये. हा स्पर्श फोटोत कळत नाही.

बोर्ड आणि सिम्युलेटर यांना जोडणारं सॉफ्टवेअर म्हणून मोबिफ्लाइट घ्या. ते मोफत आहे, मुक्तस्रोत आहे आणि त्यात प्रोग्रामिंग करावं लागत नाही.

१. मोबिफ्लाइट बसवा आणि मेगा यूएसबीला लावा. बोर्ड दिसला नाही तर बहुधा त्यावर सीएच३४० ही यूएसबी चिप आहे. तिचा ड्रायव्हर आधी बसवावा लागतो. बोर्ड दिसला की मोबिफ्लाइट त्यात आपलं फर्मवेअर (बोर्डावर चालणारा प्रोग्राम) टाकायचं का असं विचारतं. हो म्हणा.

२. एकच स्विच घ्या. त्याचं एक टोक पिन २२ ला, दुसरं ग्राउंडला (जीएनडी लिहिलेल्या पिनला). वेगळा रेझिस्टर नको, कारण चिपच्या आतला पुल-अप रेझिस्टर मोबिफ्लाइट वापरतं. पिन ० आणि १ ला हात लावू नका. संगणकाशी बोलणं त्यांच्यावरून चालतं.

३. मोबिफ्लाइटमध्ये त्या पिनवर बटण प्रकारचं उपकरण जोडा, त्याला नाव द्या आणि बोर्डावर अपलोड करा. टॉगल असला तरी इथे त्याला बटणच म्हणतात.

४. इनपुटच्या यादीत हबहॉपच्या संग्रहातून तुमच्या विमानाची आज्ञा निवडा. लोकांनी शोधून जमवलेल्या आज्ञांचा हा साठा आहे आणि बहुतेक विमानं त्यात सापडतात.

५. सिम्युलेटर सुरू करा, स्विच खटकवा. पडद्यावरचा स्विच हलला की बाकीचे सात जोडा. ग्राउंडची तार एका स्विचवरून दुसऱ्यावर नेत सगळ्यांना एकच ठेवायची, सिग्नलच्या तारा मात्र प्रत्येकाची वेगळी.

६. हे सगळं ब्रेडबोर्डवर असतानाच काही उड्डाणं करा. सोल्डरिंग त्यानंतर.

आता जिथे हमखास सगळे अडतात ती गोष्ट सविस्तर सांगतो. सिम्युलेटरमधल्या अनेक आज्ञा पालट करणाऱ्या असतात, म्हणजे दिवा चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. कीबोर्डसाठी हे ठीक. पण तुमच्या टॉगलला स्वतःची जागा आहे. सिम्युलेटर उघडला तेव्हा दिवा चालू होता आणि तुमचा स्विच खाली होता, तर आता वर केल्यावर दिवा बंद होईल, आणि उड्डाणभर सगळं उलटंच चालेल. म्हणून पालट आज्ञा न वापरता चालूची आणि बंदची आज्ञा वेगवेगळी द्यायची: स्विच दाबला जातो तेव्हा चालू, सुटतो तेव्हा बंद. मोबिफ्लाइटमध्ये दोन्हींसाठी वेगळे रकाने आहेत. आणि उड्डाण नेहमी थंड विमानापासून, सगळे स्विच खाली ठेवून सुरू करा. उड्डाण रनवेवर, इंजिन चालू असलेल्या स्थितीतून सुरू केलंत तर विमानाचे स्विच आणि तुमचे स्विच जुळलेले नसतील; एकदा सगळे वर-खाली केले की जुळतात.

हीच अडचण फ्लॅपलाही येते. त्यावर माझा आवडता उपाय म्हणजे दोन्ही बाजूंनी स्प्रिंगने मध्यावर परत येणारा टॉगल. वर खटकवला की फ्लॅप एक टप्पा वर, खाली खटकवला की एक टप्पा खाली. १७२ मध्ये शून्य, १०, २० आणि ३० अंश एवढेच टप्पे आहेत. खऱ्या लिव्हरसारखं दिसत नाही, पण कधीच चुकत नाही.

इग्निशनसाठी ऑफ, आर, एल, बोथ या चार जागांचा साधा रोटरी स्विच घ्या आणि स्टार्टरला शेजारी वेगळं दाबायचं बटण द्या. खऱ्या किल्लीत स्टार्टची जागा स्प्रिंगने मागे येते आणि तसा पाच जागांचा स्विच सहज मिळत नाही.

पाचवी पायरी: फिरणारे नॉब

दुकानात नॉब मागितला तर समोर दोन वस्तू येतात आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. एक पोटेन्शिओमीटर, दुसरा एन्कोडर. पोटेन्शिओमीटरला सुरुवात आणि शेवट असतो, त्यामुळे तो पॅनलच्या दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करायला किंवा मिक्श्चरला (इंधन-हवेचं प्रमाण ठरवायला) चालतो. घेताना बी१०के लिहिलेला घ्या. बी म्हणजे सरळ रेषेत वाढणारा. ए लिहिलेला आवाजासाठी असतो, त्याची वाढ एकसारखी नसते.

हेडिंग, उंची, फ्रीक्वेन्सी आणि ट्रिम यांना एन्कोडरच लागतो. तो गोल गोल फिरत राहतो आणि फक्त एवढंच सांगतो की एक खटका डावीकडे किंवा उजवीकडे गेला. ट्रिमच्या बाबतीत तर हे फार सोयीचं आहे. ऑटोपायलट स्वतः ट्रिम हलवतो. तुमच्या चाकाला ठरलेली जागा असती तर ऑटोपायलट सोडताक्षणी विमानाने झटका दिला असता. एन्कोडरला जागाच नसल्याने तो जिथे आहे तिथून पुढे मोजतो.

ईसी११ प्रकारचा एन्कोडर साध्या कामाला पुरतो. त्याच्या एका फेरीत २० किंवा २४ खटके असतात. २४ खटक्यांवर एका खटक्याला एक अंश ठेवला तर हेडिंग पूर्ण फिरवायला १५ फेऱ्या लागतील. म्हणून मोबिफ्लाइटमध्ये हळू आणि जलद फिरवण्याला वेगळ्या आज्ञा देता येतात: हळूला एक अंश, जलदला दहा. एका खटक्याला आकडा दोनदा उडत असेल किंवा दोन खटक्यांना एकदा हलत असेल तर एन्कोडर खराब नाही, त्याचा प्रकार चुकीचा निवडलाय. सेटिंगमध्ये प्रकार बदलून पाहा.

रेडिओला एकात एक असे दोन नॉब लागतात, बाहेरचा मेगाहर्ट्झला आणि आतला किलोहर्ट्झला. तसा दुहेरी एन्कोडर महाग पडतो आणि सगळीकडे मिळत नाही. दोन साधे एन्कोडर शेजारी-शेजारी लावले तरी काम तेच होतं. आकड्यांसाठी मॅक्स७२१९ चिपचा आठ आकड्यांचा डिस्प्ले घ्या, १२१.५०० सारखे सहा आकडे त्यात आरामात बसतात. मेगाच्या फक्त तीन पिन त्याला लागतात.

सहावी पायरी: दर्शनी पाटी

पॅनल घरचं वाटतं की विमानाचं, हे ठरतं पाटीवर. इथे आपल्याकडे एक मोठी सोय आहे आणि ती फारशी कुणाला सुचत नाही: नेमप्लेट आणि ट्रॉफी बनवणारी दुकानं. त्यांच्याकडे लेझर असतो आणि दोन रंगांच्या शीट असतात, वर काळा आणि खाली पांढरा. लेझर वरचा थर खरवडतो आणि अक्षरं पांढरी उमटतात. भोकंही त्याच वेळी कापून मिळतात.

मागून प्रकाश हवा असेल तर दुधी ॲक्रिलिक घ्या, त्यावर काळा रंग मारा आणि अक्षरांपुरता रंग लेझरने काढून घ्या. मागे एलईडीची पट्टी लावली की रात्रीच्या उड्डाणात अक्षरं उजळतात.

ड्रॉइंग इंकस्केपमध्ये करता येतं, ते मोफत आहे. बहुतेक दुकानदार कोरलड्रॉ वापरतात, त्यामुळे अक्षरं कर्व्हमध्ये बदलून फाइल द्या, नाहीतर फॉन्ट बदलून येतो. आधी तेच ड्रॉइंग कागदावर छापून प्रत्यक्ष स्विच भोकांत धरून पाहा. मिनी टॉगलला ६ ते ६.५ मिलिमीटरचं भोक लागतं, मोठ्या टॉगलला १२, एन्कोडरला आणि पोटेन्शिओमीटरला ७.

जाडीकडे फार बारीक लक्ष द्या. एन्कोडरच्या मानेवरचे आटे जेमतेम ५ ते ७ मिलिमीटरचे असतात. ३ मिलिमीटरचं ॲक्रिलिक आणि मागे ६ मिलिमीटरचं एमडीएफ घेतलं तर नट लावायला आटे उरतच नाहीत. स्विच ॲक्रिलिकवरच कसायचे आणि एमडीएफला त्या जागी मोठी खिडकी ठेवायची.

सनबोर्ड नावाने विकली जाणारी पीव्हीसी फोमची शीट कटरने कापायला उत्तम आहे, पण ती लेझरखाली कधीच देऊ नका. पीव्हीसी जळताना आम्लाचा विषारी धूर सोडतं; माणसालाही घातक, मशीनलाही. जाणता दुकानदार स्वतःच नकार देईल. आणि मुंबई-कोकणात राहत असाल तर एमडीएफच्या कडांना प्रायमर मारल्याशिवाय पावसाळा जाऊ देऊ नका. कडा पाणी ओढतात, फुगतात आणि मग भोकं जुळत नाहीत.

नॉबच्या टोप्यांसाठी जुना बाजार धुंडाळा. पुण्यात तो बुधवारी आणि रविवारी भरतो. जुन्या ॲम्प्लिफायरचे ॲल्युमिनियमचे नॉब, निकाली निघालेल्या यंत्रांचे वजनदार टॉगल असं बरंच काही तिथे मिळून जातं. अशा जमवाजमवीला या क्षेत्रात मोठी परंपरा आहे. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये उड्डाण शिकवणारं आपलं यंत्र उभं केलं ते वडिलांच्या पियानो-ऑर्गनच्या कारखान्यात, ऑर्गनचेच भाते वापरून. पुढे त्याच यंत्रावर असंख्य वैमानिक ढगांतून उडायला शिकले.

सातवी पायरी: वीज, यूएसबी आणि वही

प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर द्या. ५ व्होल्टवर ३३० ओहम चालतो आणि साधारण ९ मिलिअँपिअर जातात. दहाबारा एलईडीपर्यंत मेगाच्या पिनांवर भागतं. त्याहून जास्त झाले, किंवा प्रकाशाची पट्टी लावली, तर ५ व्होल्टचा वेगळा ॲडॉप्टर घ्या आणि त्याचं ग्राउंड मेगाच्या ग्राउंडला जोडायला विसरू नका. यूएसबी २.० चा एक पोर्ट ५०० मिलिअँपिअरच देतो. योक, थ्रॉटल, पॅनल असं सगळं एका बिनविजेच्या हबवर टांगलं तर उड्डाणाच्या मध्येच काहीतरी गायब होतं. स्वतःचा ॲडॉप्टर असलेला हब घ्या.

पॅनल चांगलं चालत असताना अधूनमधून मेलं तर आधी विंडोजमध्ये पाहा. वीज वाचवण्यासाठी विंडोज यूएसबी उपकरणं झोपवतं. पॉवर ऑप्शनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी हबला बंद करण्याची परवानगी काढून घ्या. तयार पॅनलांनाही हाच उपाय लागू पडतो.

शेवटचं काम पॅनल बंद करण्याआधीचं. एका वहीत तक्ता करा: पिन क्रमांक, तारेचा रंग, स्विचचं नाव, मोबिफ्लाइटमधलं नाव. मोबिफ्लाइटची कॉन्फिग फाइल दुसऱ्या जागी जपून ठेवा. मागची बाजू उघडी असताना तारांचा फोटो काढा आणि प्रत्येक तारेला तिच्या पिनच्या आकड्याचं लेबल चिकटवा. मगच मागचे स्क्रू कसा, पॅनल टेबलाला लावा आणि पुठ्ठ्यावरच्या रेघांच्या यादीत पुढचं नाव कोणतं ते बघा.